उस्मानभाईंचे सतरा दगड

उस्मानभाईंबद्दल लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. कारणं भरपूर होती. आधी केस चालू होती, म्हणून बोलू नये असं म्हणायचो. मग बायकोचं आजारपण आलं. मग मुलगा म्हणाला, अण्णा, जाऊ द्या ना, कशाला उकरून काढता. मला ते लगेच पटलं, कारण पटवून घ्यायला मी तयारच बसलो होतो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. मुलाची नोकरी कायम झाली आहे. ज्यांना भ्यायचं त्यांतले अर्धे वारले आहेत. म्हणजे धैर्य दाखवायला आता मला काही खर्च येत नाही, हे मला कळतं.

तरी लिहितो. परवा घोडेगावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी दोन तरुण होते. त्यांतला एक दुसऱ्याला सांगत होता की वर डोंगरातल्या बाजारात पूर्वी मोठी दंगल झाली होती, हिंदू-मुसलमानांची. जुन्नरच्या एका काटेवाल्यानं ती सुरू केली, त्यानं गोणी भरून दगड आणले होते.

गोणीत दगड होते, एवढं खरं आहे. बाकी सगळं खोटं आहे. त्या खोट्यात माझाही हात आहे.

मी त्याच डोंगरातल्या एका लहान सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गावाचं नाव लिहीत नाही. सोसायटीचं काम एकच, हिरडा खरेदी करायचा. आमच्याकडच्या महादेव कोळी बायका उन्हाळ्याच्या तोंडाला रानातून बाळहिरडा गोळा करतात, कातळावर वाळवतात आणि डोक्यावर गोण्या घेऊन दोन-दोन डोंगर उतरून बाजाराला आणतात. तो पुढे औषधाच्या आणि रंगाच्या कारखान्यांना जातो. घरात वर्षाकाठी रोख पैसा येतो तो बहुतेक यातूनच. सोसायटी थोडा माल घ्यायची. बाकीचा सगळा व्यापारी घ्यायचे.

हंगाम सुरू व्हायच्या आधी सोसायटीचा काटा तपासायला जुन्नरहून उस्मानभाई यायचे. वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांच्याकडे सरकारी परवाना होता, वडिलांपासूनचा. जुन्नरमध्ये एका बोळात दीड खणाचं दुकान, आणि बाहेरगावच्या कामासाठी एक लुना. लुनाच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत हातोड्या, कानशी, स्प्रिंगा, शिशाचे तुकडे आणि नारळाएवढी एक लोखंडी ऐरण. या सामानानिशी ते पार घाटघरपर्यंत जायचे. अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी कायम दोऱ्यानं बांधलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक कानस.

कामाला बसायच्या आधी ते चहा घेत नसत. कितीही आग्रह केला तरी उत्तर ठरलेलं, "आधी काटा, मग च्या." एकदा मी म्हटलं, अहो, एका कपानं काय होतंय. ते म्हणाले, च्या पोटात गेला की दुकानदार बरा वाटाया लागतो, मग काटाबी बरा दिसतो. तराजू टांगल्यावर ते दोन्ही पारड्यांवर फुंकर मारायचे आणि पारडी हलायची थांबेपर्यंत डोळे मिटून बसायचे. त्या वेळात कुणी बोललं तर हातानं गप करायचे. गिऱ्हाईक असो, मालक असो, एकदा तर फौजदार होता.

हातात घेतलेल्या वस्तूचं वजन सांगण्याची त्यांना खोड होती. काकडी, कुलूप, चप्पल, काही चालायचं. माझी नात जन्मली तेव्हा ते योगायोगानं दवाखान्याच्या गावात होते, म्हणून बघायला आले. बाळ दोन्ही हातांवर घेतलं आणि म्हणाले, पावणेतीन किलो. नर्सबाई म्हणाल्या, नाही हो चाचा, अडीच भरलंय, कमी वजनाचं आहे, लिहिलंय तसं. माझ्या सुनेचं तोंड उतरलं होतं त्या आकड्यानं. उस्मानभाईंनी बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि नर्सबाईंना विचारलं, काटा कुठंय. तो त्यांनी उलटा केला, खालून एक स्क्रू फिरवला आणि बाळाला पुन्हा ठेवायला लावलं. पावणेतीन भरलं. "पोरगी बेस हाय," ते म्हणाले, "आजारी काटा व्हता." माझी सून हसून हसून रडली.

ते स्वतःच्या माणसांनाही सोडत नसत. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं मटणाचं दुकान होतं. एका बकरी ईदच्या आधी त्याच्या वजनाच्या बुडातलं शिसं कोरलेलं त्यांना सापडलं. त्यांनी ते वजन उचललं आणि आपल्या दुकानाच्या दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं तारेनं बांधून ठेवलं. बायकोनं आठ दिवस अबोला धरला. मेहुणा शेवटी येऊन म्हणाला, भाईजान, काढा ते, लोक मला विचारतायत. हे म्हणाले, मला न्हाई विचारत कुणी. वर्षभर ते वजन तिथंच होतं. त्यांच्या समोरच एका जैन शेठजींचं किराण्याचं दुकान होतं. राजस्थानातून येऊन त्यांच्या तीन पिढ्या झालेल्या. लक्ष्मीपूजनाला मांडायचा त्यांचा पितळी तराजू दर दिवाळीला उस्मानभाईच उजळून द्यायचे, आणि देताना पारडी समान आहेत का ते बघायचे. शेठजी म्हणायचे, अरे बाबा, हा फक्त पूजेचा. उस्मानभाई म्हणायचे, मग तर बघायलाच पायजे.

असा माणूस व्यापाऱ्यांना परवडणारा नव्हता, पण ते त्यांना वर्षानुवर्षं सांभाळून घेत, कारण तालुक्याला वजनांवर सरकारी शिक्का मारायचं शिबिर भरे तेव्हा काटा नीट करून द्यायला तेच लागत. खरी मेख निराळीच होती. शिबिरात दाखवायचा काटा वेगळा आणि डोंगरातला वेगळा. डोंगरातल्या बाजारात सगळा कारभार ताणकाट्यावर चालायचा. वर हातात धरायचा, खाली आकड्याला गोणी लावायची. आतली स्प्रिंग बदलून टाकली की वीस किलोची गोणी सतरा-अठरा दाखवायची. वर आणखी गोणीखाली हळूच गुडघा लावायचा. याला आमच्याकडे काटामारी म्हणतात. डोंगर उतरून आलेली बाई ताणकाट्याच्या आकड्याकडे बघणार कशी आणि बघून करणार काय? परत डोंगर चढून गोणी घरी नेणार?

यावर उपाय मला सुचला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नऊ वर्षं ही गोष्टही मी कुणाला सांगितलेली नाही. उस्मानभाईंना मी म्हटलं, बायकांकडे स्वतःचं एक माप असलं, ज्याचं वजन पक्कं माहीत आहे, तर ते आधी व्यापाऱ्याच्या काट्याला लावून बघता येईल. लोखंडी वजनं विकत घ्यायची बायकांची ऐपत नव्हती. ते दोन दिवस विचार करत राहिले आणि मग ओढ्यातले काळे दगड घेऊन गेले.

महिन्यानं त्यांनी पहिला दगड आणला. छिन्नीनं घडवून घासलेला, पोटात भोक पाडून शेवटचे काही ग्रॅम शिशानं भरलेले, वर टांगायला तारेची कडी, आणि लाल रंगाची एक रेघ. बरोब्बर पाच किलो. बायकांना त्यांनी एकच गोष्ट दहा वेळा बजावली, "ह्यानं माल मोजायचा न्हाई. ह्यानं काटा मोजायचा." दगडानं माल मोजणं कायद्यात बसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला हौसाबाई नावाची एक बाई तो दगड काखेत घेऊन व्यापाऱ्यासमोर उभी राहिली. बोलायला फटकळ, नवरा लवकर गेलेला, दोन वाड्यांतल्या बायका तिच्या शब्दावर चालायच्या. तिनं दगड आकड्याला लावला. काटा सव्वाचारवर थांबला. ती मागे वळून बायकांना म्हणाली, "बगा गं, आमचा उस्मान इथं यिऊन वाळला."

तेव्हापासून दगडाचं नाव उस्मान पडलं. आधी उस्मान टांगा, मग गोणी, असं बायका व्यापाऱ्याला ऐकवू लागल्या. उस्मानभाईंना हे कळलं तेव्हा ते लाजले. म्हणाले, घरात सांगू नका, तुमची भाभी म्हणंल बायका तुला टांगत्यात आन् तू हासतोस. त्या एका हंगामात ताणकाटे आपोआप दुरुस्त झाले. सोसायटीकडे माल वाढला. दुसऱ्या वाड्यांतूनही दगडांची मागणी आली. एका दगडामागे त्यांचा दीड दिवस जायचा. मजुरी विचारली की म्हणायचे, हंगाम होऊ द्या.

आता नानांबद्दल. त्या भागातला सगळ्यात मोठा हिरड्याचा व्यापारी म्हणजे नाना. टेंपो त्यांचे, गोदाम त्यांचं, एक शाळा त्यांची, आणि बाजारात ज्यांच्या मोटरसायकली फिरायच्या ते तरुण मंडळही त्यांचंच. निवडणुकीचं तिकीट त्यांना दोनदा हुकलं होतं आणि तिसऱ्यांदा हुकू द्यायचं नव्हतं. त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा होता तेव्हा मी तो दिला नाही.

नाना एकदा जुन्नरला उस्मानभाईंच्या दुकानात आले. मी तिथंच स्टुलावर बसलो होतो, तयार दगड बघायला गेलो होतो. नाना माझ्याकडे बघून नुसते हसले. मग उस्मानभाईंना म्हणाले की ताणकाट्यांचा जमाना गेला, आपल्याला चाळीस इलेक्ट्रॉनिक काटे घ्यायचेत, सगळे तुमच्याकडूनच घेऊ.

"फकस्त जरा सेटिंग करून द्यायचं, चाचा. तुमाला काय सांगायचं."

उस्मानभाई एका तराजूची दांडी घासत होते. घासणं थांबलं नाही. "दिऊ की," ते म्हणाले. "पन मग नाना, पोरीच्या लग्नाचं सोनं त्याच काट्यावर मोजाल का?"

नाना मोठ्यानं हसले. उठताना त्यांनी उस्मानभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता वय झालं चाचा, डोंगरात येणंजाणं जपून करा. ते गेल्यावर उस्मानभाई मला म्हणाले, माणूस वाईट न्हाई, त्याला हिरडा सस्त्यात पायजे, एवढंच. मला त्यांच्या या भोळेपणाचा राग आला होता, आणि आजही येतो. हिरडा स्वस्तात पाहिजे, एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीपायी माणसं काय काय करतात, ते त्या माणसाला साठ वर्षांत कळलं नव्हतं.

पुढच्या हंगामात, निवडणूक तोंडावर आलेली असताना, एका बाजाराच्या दिवशी सकाळीच पोरांच्या मोबाइलवर एक चित्र फिरू लागलं. महापुरुषाचा अपमान करणारं काहीतरी घाणेरडं होतं. काटेवाल्या उस्माननं ते स्टेटसला ठेवलंय, असं त्याखाली लिहिलेलं. उस्मानभाईंकडे बटणांचा फोन होता. त्याच्यावर स्टेटस ठेवता येत नाही. चित्र येत नाही. त्यांना फोनवर नंबर शोधायलासुद्धा माझी मदत लागायची.

उस्मानभाई नेहमीसारखे बाजारातल्या उंबराखाली पोतं अंथरून बसले होते. शेजारी गोणी होती. त्या दिवशी ते वेगवेगळ्या वाड्यांना द्यायला सतरा दगड घेऊन आले होते, लुनावर दोन खेपा करून. बाजार नुकताच भरत होता. तीस-चाळीस पोरं मोटरसायकलींवरून आली. एकानं फोन दाखव म्हटलं. उस्मानभाईंनी खिशातून फोन काढून दिला. त्यानं तो बघितला, हसला आणि ओढ्यात भिरकावला. उस्मानभाईंनी चष्मा नीट केला आणि त्याला विचारलं, "कुणाचं पोर रं तू?" त्यांना खरंच ओळख पटवून घ्यायची होती.

त्यांना त्यांच्याच तराजूच्या दांडीनं मारलं. मग दोघांनी धरून उजवा हात ऐरणीवर ठेवला आणि तिसऱ्यानं बोटांवर हातोडी घातली. एकदा नाही. पिसाळलेला जमाव डोक्यात मारतो, पाठीत मारतो, सापडेल तिथं मारतो. या पोरांनी काम करणारा हात निवडून घेतला. धर्म दुखावलेल्या माणसाला समोरच्याच्या उजव्या हाताची बोटं कशाला लागतात? हा प्रश्न पोलिसांनी विचारला नाही, वकिलानं विचारला नाही, वर्तमानपत्रानं विचारला नाही. हौसाबाई मध्ये पडली, तिला पोटात लाथ बसली. दहा मिनिटांत सगळं संपलं. जाताना त्यांनी लुना पेटवली.

मी कुठे होतो? सोसायटीच्या गोदामात, पन्नास पावलांवर. पोरं येताना दिसली तेव्हा मी आतून कडी लावली. बाकीचं खिडकीच्या फटीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की दोन गटांत हाणामारी. दोन गट. एकीकडे चाळीस पोरं आणि दुसरीकडे एक म्हातारा. शब्द किती सोयीचे असतात बघा. दंगल म्हटलं की हिरडा दिसत नाही. पण त्या दिवसाचं पुढचं मी पाहिलं आहे. बाजार मोडला. दुकानं बंद झाली. बायका गोण्यांवर बसून राहिल्या, कारण ऊन चढलेलं आणि घर दोन डोंगर पलीकडे. दुपारी दोनच्या सुमाराला नानांचे टेंपो आले. पोलीस समोर उभे असताना, वातावरण बिघडलंय, लवकर माल द्या आणि घरी जा, असं सांगत त्यांनी सगळा हिरडा उचलला. ताणकाट्यावर. सांगतील त्या भावानं. त्या दुपारी उस्मान टांगा असं कुणीही म्हणालं नाही. संध्याकाळी त्याच पोरांनी गावातून घोषणा देत फेरी काढली आणि नाना पुढे होते. एका दिवसात माल आला आणि मतंही आली. अशा गोष्टींवर अभ्यास करणारे लोक पुण्याहून नंतर आले, त्यांनी आम्हाला दोन समाजांतल्या तणावाबद्दल विचारलं. हिरड्याचा भाव त्या दिवशी काय होता, हे एकानंही विचारलं नाही. आणि मी आपणहून सांगितलं नाही.

चार वाजता ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पंचनामा झाला. पंच म्हणून एक नानांचा कारकून आणि दुसरा मी. हवालदार सावकाश, चांगल्या अक्षरात लिहीत होते. उंबराखालची गोणी त्यांनी ओतायला लावली होती. लिहून झाल्यावर त्यांनी मला चष्मा लावायला वेळ दिला आणि वाचून दाखवलं. काळे दगड, नग सतरा, प्रत्येकास लोखंडी तार बांधलेली व लाल खूण केलेली, जमावावर फेकण्याच्या उद्देशाने गोणीत भरून आणलेले. पाच किलोचा दगड फेकतो कोण? हौसाबाईच्या शेळ्या राखणाऱ्या पोरानंही हे विचारलं असतं. मला ते दगड नगानं माहीत होते. त्यांतले दोन माझ्यासमोर घासलेले होते.

नाना कठड्यावर बसले होते. हातात कागदी कप होता. ते अगदी घरच्यासारखं बोलले. "सेक्रेटरी, पोराची आर्डर याच महिन्यात निगती ना?"

माझा मुलगा त्यांच्या शाळेत तात्पुरता लागला होता.

हवालदारांनी विचारलं, बरोबर आहे का. मी म्हणालो, बरोबर आहे.

हौसाबाई तिसऱ्या दिवशी, पोटाला फडकं बांधून, एकटी चौकीत गेली. ते फेकायचे दगड नव्हते, मापं होती, असं सांगायला. तिथं तिला विचारलं, दगडाला कधीपासून माप म्हणायला लागलीस? ती म्हणाली, माझं खोटं वाटत आसंल तर सेक्रेटरीला इचारा, त्येंनीच सुचवलं व्हतं. त्यांनी तिच्यासमोर मला फोन लावला. स्पीकर चालू होता, हे मला नंतर कळलं. मी म्हणालो, मला याची काही कल्पना नाही. हौसाबाई मला आजही बाजारात दिसते. ती माझ्याशी भांडत नाही, शिव्या देत नाही. मी ज्या बाजूनं येतो त्या बाजूची गोणी उचलून ती पलीकडे बसते.

यानंतर मला शांतता समितीवर घेतलं. तीन बैठका झाल्या, तिन्हींना पोहे होते. दोन्ही समाजांनी संयम पाळावा असा ठराव झाला. त्याला अनुमोदन माझं होतं.

उस्मानभाई आधी दवाखान्यात आणि मग कोठडीत राहिले. उजव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी झाली. दंगलीचा गुन्हा त्यांच्यावरच दाखल आहे म्हणून परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. दुकान गेलं. मारणारे कोण होते ते कागदावर शेवटपर्यंत अज्ञातच राहिले. नाना निवडून आले. सोसायटी दोन हंगामांत बंद पडली. आता सगळा हिरडा नानांच्या मुलाच्या गोदामात जातो. तिथं इलेक्ट्रॉनिक काटा आहे, लाल आकड्यांचा, बायकांना समोरून दिसेल असा ठेवलेला. फार पारदर्शक कारभार आहे असं लोक म्हणतात. तो काटा कुणी कशाला लावून बघत नाही.

पाच-सहा वर्षांनी उस्मानभाई त्या केसमधून सुटले, पुराव्याअभावी. मला ही बातमी शेठजींच्या मुलाकडून कळली. मी ठरवलं की आता जायचं आणि सगळं सांगून माफी मागायची. एसटीनं जुन्नरला गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. लेण्याद्रीचा डोंगर दिसायला लागला तेव्हा वाटलं, परत फिरावं. पण गेलो.

दुकान जाऊन ते बोळातल्या घराच्या वरच्या खोलीत राहत होते. दुपारची वेळ होती. खिडकीशी बसून डाव्या हातानं ते जुने स्क्रू मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते. मला बघून उठले. उठायला त्रास होत होता तरी उठले. भाभींना हाक मारली, सेक्रेटरी आले. मग मला म्हणाले, "आज आधी च्या. आज काटा न्हाई."

बराच वेळ ते माझ्या नातीबद्दल विचारत राहिले. मी चहा संपवला. कप खाली ठेवला आणि म्हणालो, उस्मानभाई, त्या पंचनाम्याबद्दल...

त्यांनी डावा हात वर केला. पारडी हलायची थांबेपर्यंत गिऱ्हाइकाला गप करायचे, तसा.

"त्ये मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "वकिलानं कागद दाखवला मला, तुमची सही हाय त्याच्यावर. मी त्याला तवाच सांगितलं, सेक्रेटरीला कोऱ्या कागदावर सही कराया लावली आसंल, मागनं लिवलं आसंल. पोलीस तसंच करत्यात. आमचा सेक्रेटरी वाचून आसल्या कागदावर सही करायचा न्हाई. हौसाबाई आलती मधी, ती काय काय बोलत व्हती तुमच्याबद्दल. तिलाबी मी गप केलं."

भाभी दाराशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय माहीत होतं, मला ठाऊक नाही. उस्मानभाईंना खरंच तसं वाटत होतं, की मला जाता यावं म्हणून त्यांनी दार उघडून धरलं होतं, तेही मला आजतागायत कळलेलं नाही. मी म्हणालो, हो, असंच करतात ते. आणि उठलो.

जिन्यापर्यंत ते सोडायला आले. मी खाली बोळात उतरून वर पाहिलं तेव्हा ते कठड्याला धरून उभे होते आणि वाकडा हात हलवत होते. त्यानंतर दीड वर्षानं ते गेले. मातीला मी गेलो नाही.

मला त्यांना जे सांगायचं होतं ते फार नव्हतं. उस्मानभाई, कागद कोरा नव्हता. तो मला पुरता वाचून दाखवला होता. मी चष्मा लावला होता. मला माफ करा.